खेळाचे मोल : तासांनी की रसाने?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मिरजेच्या घरी एक वाद उपस्थित झाला. घरातील वडील माणूस आणि निवृत्त शिक्षक, या दुहेरी अधिकारामुळे तो मिटविण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. नातवाचे वय तेरा. मुंजीत आलेल्या आहेराच्या रकमेतून वर्षाकाठी एक वस्तू त्याने स्वतःच्या पसंतीने घ्यावी, असा आमच्या घरचा नियम आहे. यंदा त्यास संगणकावर खेळावयाचा एक व्हिडिओ गेम हवा होता. त्याने वहीत रकाने आखून हिशेब मांडला होता : खेळाच्या किमतीस तो किती तास पुरतो त्या संख्येने भागावयाचे आणि ज्याचा भागाकार लहान तो खेळ स्वस्त समजावयाचा. एका खेळाच्या जाहिरातीत शंभर तासांचे आश्वासन होते. सुट्टीसाठी पुण्याहून आलेल्या त्याच्या चुलत बहिणीने सुचविलेला दुसरा खेळ मात्र पाच-सहा तासांत आटोपणारा होता.

“आजोबा, तुम्हीच सांगा, पाच तासांसाठी एवढे पैसे घालविणे शहाणपणाचे आहे का?”

हिशेब बिनचूक होता. असेच हिशेब मी पस्तीस वर्षे मुलांकडून करवून घेतले. तरीही उत्तर देण्यास मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जे सुचले ते, असा प्रश्न आज घरोघरी निघत असल्यामुळे, वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम मुलाची बाजू मांडणे न्यायाचे होईल. ज्यास वर्षातून एकच वस्तू घ्यावयाची आहे, त्याने ती किती दिवस पुरेल हे पाहिले तर त्यास अरसिक म्हणता येणार नाही. याच मिरजेत १९०५ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीच्या रंगभूमीवर शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभे राहिले. तो काळ रात्र-रात्र चालणाऱ्या संगीत नाटकांचा होता. माझे आजोबा सांगत की, आसपासच्या खेड्यांतील मंडळी भाकऱ्या बांधून बैलगाडीने नाटकास येत, आणि पहाट होण्यापूर्वी पडदा पडला तर उरलेली रात्र काढावी कोठे, असा त्यांना प्रश्न पडे. त्यांनी लांबी मोजली ती गरजेपोटी. आमचा नातूही त्या बैलगाडीतलाच प्रवासी आहे, हे मी त्याच्यासमोर कबूल केले.

परंतु लांबी म्हणजे नेमके काय, याची थोडी चौकशी करावी लागते. या खेळांत लांबी दोन प्रकारांनी येते. कथानकच विस्तृत असले, पात्रे व प्रदेश अनेक असले, तर ती आपोआप येते. दुसरा प्रकार असा की, तेच शत्रू पुनःपुन्हा मारावयाचे, तेच जिन्नस गोळा करावयाचे, त्याच वाटेने दहा वेळा जावयाचे. या प्रकारास खेळणारी मुले ‘ग्राइंड’ म्हणतात. आपल्याकडे त्यास ‘दळण’ हा शब्द तयारच आहे. २०२२ च्या जानेवारीत पोलंडमधील टेकलँड या कंपनीने आपला ‘डाइंग लाइट २’ हा खेळ पूर्णपणे संपविण्यास पाचशे तास लागतील असे अभिमानाने जाहीर केले. लोक आनंदित होतील अशी तिची अपेक्षा असावी. पण पुष्कळांनी नापसंतीच दर्शविली. तेव्हा मुख्य कथा सुमारे वीस तासांचीच आहे, असा खुलासा कंपनीस करावा लागला. जाते फिरत राहिले म्हणजे पीठ पडतेच असे नाही.

उलट अल्प वस्तूचे सामर्थ्य मिरजेच्या माणसास तरी वेगळे सांगावयास नको. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येथेच स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचे देहावसान झाल्यावर येथल्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले, आणि आजही उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायन-वादन होते. मैफलीत एकेक राग सावकाश आळविणाऱ्या या गवयास जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचा अवकाश मिळे. त्या तीन मिनिटांत त्यांनी गायिलेली झिंझोटीतील ठुमरी लहानग्या भीमसेन जोशींच्या कानी पडली आणि असेच गाणे आपणांस आले पाहिजे, या ध्यासाने तो मुलगा गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला. पुढे तो ज्यांच्यापाशी शिकला, ते सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य. आता त्या तबकडीच्या किमतीस तीन मिनिटांनी भागून पाहावे. नातवाच्या कोष्टकाप्रमाणे याहून महाग सौदा सापडणार नाही!

आपले प्राचीन शास्त्रही हेच सांगते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रूपकाचे दहा प्रकार आहेत. त्यांपैकी ‘नाटक’ पाच ते दहा अंकांचे. परंतु भाण, व्यायोग, वीथी हे प्रकार एकाच अंकाचे. एक अंक आहे म्हणून व्यायोगास कोणी अपुरे नाटक म्हटले नाही. भासाचे ‘ऊरुभंग’ एका अंकाचे आहे. पण त्यात मरणोन्मुख दुर्योधन ज्या शांतवृत्तीने पुत्राचा व मातापितरांचा निरोप घेतो, ती पाहून भारताचा सारा युद्धप्रसंग निराळा भासू लागतो. विषयास जेवढा विस्तार मानवेल तेवढाच द्यावा, हा खरा नियम.

बहिणीने सुचविलेला खेळ आपल्या पुण्याचाच निघाला. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हे त्याचे नाव, आणि कर्ती संस्था पुण्याची ‘नॉडिंग हेड्स गेम्स’. २०१७ साली या मंडळींनी किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करण्याचा यत्न केला, तो फसला. तरी काम न सोडता त्यांनी २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या विभागात त्याचे नामांकन झाले. राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावास, गोलूस, सोडविण्यासाठी निघालेली डोंबाऱ्याचे खेळ करणारी एक मुलगी, तिच्या पाठीशी देवीचे बळ, भोवती राजस्थानी धाटणीचे महाल, आणि मधूनमधून बाहुल्यांच्या छायाखेळातून सांगितलेली कथा, असे त्याचे स्वरूप आहे. नात खेळत असता आमची सौ. वाती वळणे थांबवून पाहत राहिली. खेळाच्या चित्रकलेची परीक्षकांनीही वाखाणणी केली. मात्र तो लवकर आणि काहीसा अचानक संपतो, ही तक्रार अनेकांनी नोंदविली.

ग्राहकांचे मापच एकदा तासांचे ठरले की कर्त्यांवर काय प्रसंग येतो, हेही पाहिले पाहिजे. ‘स्टीम’ या मोठ्या विक्रीकेंद्राचा नियम असा की, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून झालेला खेळ परत केल्यास पैसे मिळतात. नियम ग्राहकाच्या हिताचा आहे. परंतु २०२१ साली ‘समर ऑफ फिफ्टी-एट’ हा दोन तासांच्या आतला खेळ करणाऱ्याने जाहीर केले की, लोक खेळ पूर्ण खेळतात, चांगला अभिप्रायही देतात, आणि नंतर पैसे परत मागतात. सबब आपण अनिश्चित काळपर्यंत हा उद्योग सोडीत आहोत. ताटातले सर्व संपवून, पदार्थ उत्तम झाला असे सांगून, मग दक्षिणा काढून घेण्यासारखाच हा प्रकार. अशा वेळी कर्त्याने दळण वाढविले तर दोष कोणास द्यावा?

हे लिहिताना एक जुनी गोष्ट मनास टोचते. मी नोकरीस नवीन असता, निबंध दोन पानांचा हवा, असा माझा दंडक होता. एका विद्यार्थ्याने आपल्या वारलेल्या आजीविषयी पाऊण पान लिहिले. वर्गातील सर्वांत चांगले लेखन तेच होते, हे मला वाचतानाच कळले होते. तरी मी लांबीसाठी गुण कापले. पुढच्या वेळी त्या मुलाने दोन पाने भरून दिली. त्यांत वाचण्यासारखे एक वाक्य नव्हते. त्याला दळण करावयास मीच शिकविले होते. ते पाऊण पान मला अजून आठवते. माझ्या दंडकाप्रमाणे भरलेली शेकडो पाने आठवत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी नातवाची वही घेतली. “बाळ, तुझे गणित बरोबर आहे, मांडणी अपुरी आहे. तू तास केवळ भाजकात धरलेस. पण तुझा वेळ हीसुद्धा तू दिलेली किंमतच आहे. म्हणून तास भाज्यातही धरावयास हवेत. रोज एक तास धरला तरी शंभर तास म्हणजे सव्वातीन महिने. ते देण्याजोगे असतील तर खुशाल दे. परंतु फुकट मिळाले असे समजू नकोस.” एवढे सांगून निवड मी त्याच्यावरच सोपविली. गृहस्थांसही माझे हेच सुचविणे आहे : मुलास खेळ घेऊन देताना तो किती तास पुरेल हे अवश्य विचारावे, पण त्यांतील नवे किती आणि दळण किती, हेही त्याच दमात विचारावे.

त्याने पुण्याचा खेळ घेतला. चार संध्याकाळी खेळून संपविला आणि तोंड वाकडे करून माझ्याकडे आला.

“आजोबा, शेवट घाईने उरकला आहे.”

“म्हणजे खेळ लहान आहे?”

तो थोडा वेळ विचार करीत राहिला. “नाही. लहान असला तरी चालला असता. गोष्ट पुरी व्हायला हवी होती.”

या उत्तरास मी पैकीच्या पैकी गुण दिले. पुढील वर्षी शंभर तासांचा खेळ घ्यावयाचा त्याचा विचार अजून कायम आहे. मात्र वहीत त्याने आता आणखी एक रकाना आखला असून त्यावर मथळा घातला आहे : ‘दळण किती?’