विश्लेषण : सांदवाडीतला लसूण पुढच्या दिवाळीपर्यंत कसा टिकेल?

दिवाळी आटोपली की वडसा (देसाईगंज) येथील नाटक कंपन्यांची धावपळ सुरू होते आणि झाडीपट्टीचा हा नाट्यहंगाम होळीच्या आसपास संपतो. घरामागच्या सांदवाडीतल्या लसणाचा हंगामही साधारण एवढाच. दिवाळीच्या सुमारास लावलेला लसूण मार्चमध्ये निघतो. पिकवणे फार अवघड नाही. अडचण येते ती जुलै-ऑगस्टमध्ये. गड्ड्यांना कोंब फुटतात, पाकळ्या मऊ पडतात, काळी बुरशी धरते आणि घरचा लसूण असूनही बाजार गाठावा लागतो. 2024 मध्ये किरकोळ बाजारात लसणाचा भाव किलोमागे 400 रुपयांच्या पुढे गेला होता, हे लक्षात घेतले तर हे नुकसान लहान नाही. पावसाळ्यात सडणाऱ्या लसणाचे कारण बहुतेक वेळा पावसाळ्याच्या आधीच घडलेले असते.

लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच का?

लसणाला पाने वाढवायला थंडी लागते. दिवस लांबू लागले आणि ऊन वाढले की रोप पाने काढणे थांबवते आणि गड्डा पोसायला लागते. रोप तेव्हा लहान असले तरी ते थांबत नाही. पूर्व विदर्भात थंडी थोडे दिवस टिकते आणि फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागते. त्यामुळे डिसेंबरात लावलेल्या लसणाला वाढायला वेळच मिळत नाही. गड्डे बारीक राहतात, काहींत पाकळ्याच पडत नाहीत आणि एकच गोळा तयार होतो.

येथे सांदवाडीचा फायदा आहे. भारी धानाची बांधी रिकामी होईपर्यंत नोव्हेंबर उलटतो. घरामागची जागा मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून तयार ठेवता येते.

बियाणे कोणते घ्यावे?

लसणाचे बियाणे म्हणजे त्याची पाकळीच. पण बाजारातील कोणताही लसूण चालत नाही. हिमाचल, काश्मीरकडचा मोठ्या पाकळ्यांचा पहाडी लसूण दिसायला चांगला असला तरी त्याला गड्डा धरायला लांब दिवस लागतात. आपल्याकडे त्याची पात वाढते, गड्डा नीट भरत नाही.

मैदानी भागासाठी पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने ‘भीमा ओंकार’ आणि ‘भीमा पर्पल’ हे वाण विकसित केले आहेत. ते चार ते साडेचार महिन्यांत तयार होतात. ते मिळाले नाहीत तर परिसरात पूर्वी पिकलेला, टणक गड्ड्यांचा लसूण घ्यावा. गड्डे लागवडीच्या दिवशीच फोडावेत आणि बाहेरच्या मोठ्या पाकळ्या लावाव्यात. आतल्या बारीक पाकळ्या एका कोपऱ्यात दाट लावल्या तर हिवाळाभर चटणीला पात मिळते. गड्ड्यासाठी ठेवलेल्या रोपांची पात मात्र कापू नये, कारण गड्डा त्या पानांवरच पोसतो.

धानाच्या पट्ट्यातील जमीन चालते का?

चालते, पण थेट नाही. चिखलणी होऊन घट्ट झालेली माती वाळली की दगडासारखी होते. तिच्यात गड्डे वेडेवाकडे वाढतात आणि उपटताना तुटतात. पाणी साचले तर मुळे सडतात. म्हणून वीतभर उंच गादीवाफा करावा आणि 3 चौरस मीटरला 5 ते 6 किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. पाकळीचे टोक वर ठेवून ती 2 ते 3 सेंटीमीटर खोल लावावी. दोन ओळींत 15 आणि दोन पाकळ्यांत 10 सेंटीमीटर अंतर ठेवावे. वर धानाच्या तणसीचा पातळ थर दिला तर ओल टिकते आणि तण कमी उगवते.

किती जागेत किती लसूण होतो?

3 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद वाफ्यात या अंतराने सुमारे 200 पाकळ्या बसतात. एक गड्डा 15 ते 20 ग्रॅमचा धरला तर 3 ते 4 किलो लसूण मिळतो. महिन्याला अर्धा किलो लसूण लागणाऱ्या घराला असे दोन वाफे वर्षभर पुरतात आणि पुढच्या लागवडीचे बियाणेही त्यातूनच निघते.

खत आणि पाणी कधी थांबवावे?

साठवणुकीचा निकाल मुख्यतः येथे लागतो. रोपे मोठी दिसावीत म्हणून युरिया देत राहिले तर मान जाड होते. जाड मानेचा लसूण नीट वाळत नाही आणि त्या ओलसर मानेतूनच बुरशी आत शिरते. त्यामुळे नत्राचे खत लागवडीनंतर दीड महिन्याच्या आतच द्यावे, नंतर देऊ नये.

पाणी 8 ते 10 दिवसांच्या अंतराने द्यावे आणि काढणीच्या 15 ते 20 दिवस आधी पूर्ण बंद करावे. शेवटपर्यंत पाणी दिले तर गड्डा फुगतो, पण त्याची साल कुजते आणि पाकळ्या सुट्या होतात. पानांवर पांढुरके चट्टे पडून ती मुरडली तर फुलकिडे असण्याची शक्यता असते. सुरुवातीलाच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. जिल्ह्यातील शेतकऱ्यांना सल्ला देण्यासाठी सोनापूर (गडचिरोली) येथे कृषी विज्ञान केंद्र आहे.

काढणीची वेळ कशी ओळखावी?

खालची पाने वाळली, वरची पिवळी पडू लागली आणि माना मऊ होऊन वाकल्या की एक गड्डा उपटून पाहावा. पाकळ्या स्वतंत्र दिसत असतील आणि साल घट्ट असेल तर लसूण तयार आहे. सगळी पाने वाळेपर्यंत थांबले तर साल फाटते.

काढलेला लसूण धुऊ नये, मातीही आपटून झाडू नये. मार लागलेली पाकळी आधी सडते. पहिले दोन-तीन दिवस गड्डे पातीने झाकले जातील अशा रीतीने वाफ्यावरच पसरावेत. त्यानंतर 10 ते 15 दिवस सावलीत, वारा लागेल तेथे वाळवावेत. मार्चमध्ये अवकाळी पावसाची चिन्हे दिसली तर लगेच छपराखाली हलवावेत. मान चिमटीत दाबल्यावर कोरडी लागली की लसूण साठवायला तयार झाला.

साठवायचा कुठे? फ्रिजमध्ये का नको?

अख्खा लसूण साध्या तापमानात, 25 ते 30 अंशांत बराच काळ सुप्त राहतो. 5 ते 15 अंशांत मात्र त्याला हिवाळा आल्यासारखे वाटते आणि तो कोंब काढतो. घरच्या फ्रिजचे तापमान याच्याच आसपास असते. शीतगृहात लसूण टिकतो, कारण तेथे तापमान शून्य अंशाजवळ आणि आर्द्रता कमी ठेवलेली असते.

वडसा येथे दोन टोकांचे हवामान सांभाळावे लागते. वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी टिनाच्या छपराखाली लसूण सुकून पोकळ होतो. पुढे गडचिरोली जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1,200 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दमट हवेत पोते किंवा प्लास्टिकची पिशवी घातक ठरते.

पातीसह 20-25 गड्ड्यांच्या जुड्या बांधून कवेलूच्या घरात आढ्याला टांगणे हा जुना उपाय यासाठीच योग्य आहे. चारी बाजूंनी हवा लागते. चूल पेटत असेल तर तिच्यापासून उंचावर टांगलेल्या जुड्यांना पावसाळ्यातही कोरडी, उबदार हवा मिळते. चूल नसेल तर जाळीच्या पिशवीत, भिंतीपासून दूर टांगावे. आठवड्याला एकदा जुड्या तपासाव्यात आणि मऊ गड्डा लगेच वेगळा करावा.

न टिकणाऱ्या लसणाचे काय करावे?

जाड मानेचे, फुटलेले आणि मार लागलेले गड्डे काढणीवेळीच बाजूला काढून आधी वापरावेत. उरलेल्यांच्या पाकळ्या सोलून पातळ काप करावेत आणि एप्रिल-मेच्या उन्हात कडकडीत वाळवून हवाबंद डब्यात ठेवावेत. पावसाळ्यात त्यांची पूड उपयोगी पडते.

सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणे मात्र धोक्याचे आहे. हवा न लागणाऱ्या तेलात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. 1985 मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलातील चिरलेल्या लसणातून अशी विषबाधा झाली होती. सोललेल्या पाकळ्या फ्रीझरमध्ये गोठवणे अधिक सुरक्षित.

सर्वांत मोठ्या आणि टणक गड्ड्यांची एक जुडी बियाण्यासाठी वेगळी टांगावी आणि स्वयंपाकाला घेऊ नये. ऑक्टोबरमध्ये तिची पाकळी उभी चिरल्यावर आत हिरवा कोंब दिसला तर लसूण खराब झालेला नसतो. त्याची सुप्तावस्था संपलेली असते आणि वाफा तयार करण्याची वेळ झालेली असते.