जबड्याची शस्त्रक्रिया : दहा वर्षांनंतरचा ताळेबंद

खालचा जबडा पुढे आलेला, हसताना हिरड्या अधिक दिसणाऱ्या किंवा हनुवटी एका बाजूस झुकलेली अशी मुखरचना असलेल्या मुलामुलींच्या घरी विवाहाचा विषय निघाला की एक प्रश्न दबक्या आवाजात येतो : ‘ऑपरेशनने हे सुधारेल का?’ पुण्यात त्याचे उत्तर घराजवळ मिळते. धनकवडीतील भारती विद्यापीठ किंवा आझम कॅम्पसमधील रंगूनवाला यांसारख्या दंत महाविद्यालयांत तारा बसवणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे शल्यविशारद एकाच छताखाली भेटतात. तथापि व्यापारी कुटुंबाने विचारावा असा खरा प्रश्न पुढचा आहे : झालेली सुधारणा दहा वर्षांनी किती टिकते?

ही विद्या नवी नाही. अमेरिकेत सायमन हलिहेन यांनी, भाजल्यामुळे जबडा विकृत झालेल्या एका तरुणीवरील अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत १८४९ मध्ये प्रसिद्ध केला. खालचा जबडा तोंडाच्या आतूनच उभा चिरून सरकवण्याची ट्राउनर व ओबवेगेसर यांची पद्धत १९५७ मध्ये जगापुढे आली. चेहऱ्यावर व्रण राहत नाही, तो यामुळेच.

शस्त्रक्रिया सामान्यतः हाडांची वाढ पूर्ण झाल्यावरच होते. त्याआधी वर्ष-दीड वर्ष तारा लावाव्या लागतात. या काळात चेहरा काहीसा अधिकच विषम दिसू लागतो. ते बिघाडाचे नव्हे, तयारीचे लक्षण असते. शस्त्रक्रियेत हाड टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात आणि त्यानंतरही काही महिने तारा राहतात.

दीर्घकालीन परिणामांविषयी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील प्रॉफिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थैर्याची उतरंड मांडली. वरचा जबडा वर उचलणे सर्वांत टिकाऊ; खालचा जबडा पुढे आणणेही बहुतेकांत चांगले टिकते. खालचा जबडा मागे नेण्यात थोडी परतफेड होऊ शकते, तर वरचा जबडा रुंद करणे सर्वांत कमी टिकते. हाडाचे बदल मुख्यतः पहिल्या वर्षात होतात. दात मात्र पुढेही सरकू पाहतात. म्हणून रात्री रिटेनर लावण्यात कसूर केली, तर केलेला खर्च हळूहळू वाया जातो.

खर्चाची बाजूही नोंदवली पाहिजे. खालच्या ओठाची बधिरता बहुतेकांत काही महिन्यांत ओसरते; काहींत थोडी कायम राहते. क्वचित, विशेषतः तरुण स्त्रियांत, जबड्याच्या सांध्याचे हाड झिजून चावा पुन्हा बदलतो. सांधेदुखी हमखास जाईल, असे वचन कोणी देऊ नये.

जैन कुटुंबांनी काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे द्रव व मऊ आहारच घेता येतो. मुगाचे पाणी, भाताची पेज, दूध, दुधीचे सूप यांतून कंदमुळांशिवायही तो भागतो. पण पुरेशी प्रथिने मिळतील असे आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. रात्रीच्या औषधांचा व चौविहाराचा मेळ डॉक्टर आणि गुरुमहाराज यांना विचारून बसवावा. पर्युषणातील उपवास त्या वर्षी टाळावे लागू शकतात. जिलेटिनच्या कॅप्सूल, जनावराच्या आतड्यापासून होणारा कॅटगट टाका आणि गाईच्या हाडापासून होणारी कलमपूड यांना पर्याय असतात : गोळ्या, कृत्रिम टाके, रुग्णाचे स्वतःचे हाड. मात्र ते शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, आधी सांगावे.

विमा कंपन्या केवळ सौंदर्यासाठीचा खर्च देत नाहीत. चावण्यात, बोलण्यात वा श्वसनात खरोखर अडथळा असेल, तर तो शल्यविशारदांच्या अहवालात मोजमापांसह नोंदवून घ्यावा व पूर्वमंजुरी मागावी.

लग्नाची तारीख ठरवून मग शस्त्रक्रिया करणे हा या प्रकरणातील सर्वांत महाग व्यवहार ठरतो. उपचाराला दोन-अडीच वर्षे लागतात आणि सूज पूर्ण उतरायलाही महिने जातात. शिवाय निर्णय त्या मुलीचा वा मुलाचा स्वतःचा हवा. घरच्यांच्या आग्रहाखातर जबडा बदलून घेतलेली व्यक्ती रोज रात्री, वर्षानुवर्षे, रिटेनर लावेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही.