दोन वेळच्या जेवणाचं वसतिगृह

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की संपादकांना ऊसतोड कामगारांची आठवण होते. यंदा त्यांनी बजावलं, "फडावर जाऊ नका. मागं राहिलेली पोरं बघा." म्हणून बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, एका जिल्हा परिषद शाळेचं हंगामी वसतिगृह बघायला गेले.

नाव वसतिगृह असलं तरी तिथं खाटा नाहीत, ट्रंका नाहीत. शाळेच्या एका खोलीत गॅसची शेगडी, भाताचं पातेलं, भाकरीची टोपली आणि व्हरांड्यात मांडी घालून बसलेली मुलं. दुपारी शाळेचा पोषण आहार असतोच. सकाळचं आणि रात्रीचं जेवण या योजनेतून मिळतं. रात्री जेवून मुलं आपापल्या आजीकडे नाहीतर चुलतीकडे झोपायला जातात. कागदोपत्री हे वसतिगृह. प्रत्यक्षात सरकारनं आजीच्या डोक्यावरचा खाण्याचा भार उचललाय आणि मुलाला जागेवर ठेवायला बऱ्याचदा एवढंच पुरतं.

अडचण वेळापत्रकाची आहे. शाळा जूनमध्ये भरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, नाहीतर थेट कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे दुसरं सत्र जवळपास पूर्ण बुडतं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची तर नवरा-बायको दोघांना जावंच लागतं. या जोडीलाच एक कोयता म्हणतात. मुलं मग बापाबरोबर ट्रॅक्टरवर बसतात, भांड्याकुंड्यांमध्ये.

यावर उपाय बरेच झाले. आधी शाळाच मुलांच्या मागं गेली. कारखान्याच्या परिसरात, कोप्यांच्या म्हणजे कामगारांच्या झोपड्यांच्या वस्तीजवळ साखरशाळा निघाल्या; तेव्हाच्या औरंगाबादच्या 'जनार्थ'सारख्या संस्थांनी त्या नेटानं चालवल्या. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आला. मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात, नेहमीच्या शाळेत बसवायचं ठरलं आणि साखरशाळा मागं पडल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड आलं: ते दाखवावं आणि जवळच्या शाळेत बसावं. कायद्यानं दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. पण कोपी असते उसाच्या रानात, शाळा असते गावात, आणि मध्ये वाहता हमरस्ता. शिवाय एका शिवारातला ऊस संपला की टोळी पुढं सरकते. कार्ड खिशातच राहतं.

म्हणून मुलाला गावातच थांबवण्याचा हा मार्ग. टोळ्या निघायच्या आधी शिक्षक घरोघर फिरतात. "पोराला कोण सांभाळणार?" एवढाच प्रश्न असतो. उत्तर मिळालं की नाव यादीत जातं, शाळा व्यवस्थापन समिती ठराव करते, स्वयंपाकाला गावातलीच बाई लागते.

माझं लक्ष राहिलं ते या बाईंवर. मुलं त्यांना मावशी म्हणतात. हजेरीपत्रक सरांकडे असतं, पण कोण आलं नाही हे मावशींना भाकऱ्यांवरून आधी कळतं. एक मुलगा ताटावर नव्हता. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, शेगडी बारीक केली आणि एका मोठ्या पोराला पिटाळलं, "जा, आजीचं दुखतंय का बघ." आजी आजारी पडली की नातू घरीच बसतो, हे त्यांना ठाऊक.

जेवणं उरकली की मावशींचा मोबाईल मुलांचा होतो. तिकडं फडावर आयांना वेळ मिळेल तेव्हा फोन येतात. दुसरीतली एक मुलगी बराच वेळ फोनकडे डोळे लावून बसली होती. मावशी म्हणाल्या, "गाडी भरायला आली असंल गं. उद्या बोल." मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरायचा, तोही ट्रक येईल तेव्हा, मग रात्र असो की पहाट. पोरीला ते समजावून सांगावं लागलं नाही.

मला हा सगळा कारभार आवडला आणि त्याची काळजीही वाटली. इतक्या थोडक्यात उभी राहिलेली गोष्ट तितक्याच थोडक्यात कोसळते. अनुदान उशिरा आलं की किराणा उधारीवर येतो आणि दुकानदार किती दिवस थांबणार? काही ठिकाणी पटावर खोटी नावं सापडली, त्यामुळं प्रामाणिक शाळांकडेही संशयानं बघितलं जातं. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते. पुढच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 मध्ये आली: 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, मुलामुलींची वेगवेगळी, प्रत्येकी 100 जागा. तिथवर न पोचलेल्या मुलीचं लग्न लवकर उरकतं, कारण लग्न झालं की एक कोयता वाढतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

सगळ्यात मोठं भोक मात्र आणखी खालच्या वयात आहे. दीड-दोन वर्षांचं लेकरू आईपासून तुटत नाही, त्याला फडावर न्यावंच लागतं. आई ऊस तोडत असताना त्याला बघणार कोण? मोठी बहीण. सरांच्या यादीत गळालेल्या नावांपैकी बरीचशी अशाच मुलींची. आजी आहे, जेवण आहे, शाळा आहे, तरी ती गेली, कारण तिची गरज कोपीवर होती.

म्हणून वसतिगृहाचं अनुदान वेळेवर द्यावंच, पण तेवढ्यानं ही मुलगी परत येणार नाही. तिला वर्गात बसवायचं असेल तर तीनशे किलोमीटरवरच्या कारखान्यानं कोप्यांच्या वस्तीत पाळणाघर चालवायला हवं. सरकारनं प्रत्येक टन उसामागं कामगार कल्याणासाठी कारखान्यांकडून 10 रुपये घ्यायचं ठरवलं आहे. त्यातला पहिला खर्च पाळण्याचा असावा.