लेआउटशिवाय कच्ची फाइल वाचू नका

राष्ट्रीय नमुना पाहणीची कच्ची फाइल पहिल्यांदा नोटपॅडमध्ये उघडली की विद्यार्थी घाबरून सांगतो, "सर, फाइल करप्ट आली." पडद्यावर आकड्यांच्या सलग ओळी दिसतात. मध्ये स्वल्पविराम नाही, टॅब नाही, वर रकान्यांची नावंही नाहीत. पण फाइल धडधाकट असते. तिच्यात प्रत्येक माहितीची जागा ठरलेली असते आणि कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत काय आहे, ते सोबतच्या लेआउटमध्ये लिहिलेलं असतं. ही रीत पंचकार्डाच्या काळातली. आयबीएमच्या १९२८ सालच्या कार्डावर ८० उभे रकाने होते, आणि एका रकान्यात एकच अक्षर बसे.

एक ओळ घेऊ, समजण्यासाठी मीच तयार केलेली: २७०५०४१००८४५०००. लेआउट म्हणतो, १-२ राज्य, ३-४ जिल्हा, ५-७ वय, ८-१५ महिन्याचा खर्च, त्यात शेवटचे दोन अंक पैशांचे. म्हणजे महाराष्ट्रातली (राज्याचा कोड २७) ४१ वर्षांची व्यक्ती आणि घरखर्च ८,४५० रुपये. आता वयासाठी चुकून ५-६ लिहा, वय ४ होतं. खर्चासाठी ८-१४ लिहा, खर्च ८४५ रुपये होतो. सॉफ्टवेअर दोन्ही वेळा मुकाट्यानं पुढं जातं.

म्हणून सगळ्यात घातक गैरसमज हा, की एरर आली नाही म्हणजे फाइल नीट वाचली गेली. सॉफ्टवेअरला फक्त अंक दिसतात. ४ हे वयही चालतं आणि ४१ हेही. त्यातही फसवी चूक पायथॉनमध्ये होते. तिथल्या पांडाजमध्ये मोजणी शून्यापासून असते आणि शेवटचा क्रमांक धरला जात नाही. लेआउटमधलं ८-१५ तिथं ७ आणि १५ असं द्यावं लागतं. कुणी ८ आणि १५ असंच उतरवलं, तर खर्चाचा पहिला अंक गळतो. तो बहुतेक घरांत शून्यच असतो, त्यामुळे वरची ओळ बरोबरच येते. पण सव्वा लाख खर्च करणारं घर २५ हजारांवर येतं. सरासरी थोडी घटते, विषमता कमी दिसते आणि निष्कर्ष छापूनही येतो. स्टेटाचं इन्फिक्स, एसपीएसएस आणि सॅस यांत मात्र ८-१५ जसंच्या तसं लिहिता येतं. एका सॉफ्टवेअरमधले आकडे डोळे झाकून दुसऱ्यात नेऊ नका.

"एक्सेलमध्ये उघडून तुकडे पाडू, सोपं पडेल," हा सल्ला मी फार ऐकलाय. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. मोठ्या पाहणीतल्या व्यक्तींच्या नोंदी त्यापुढे सहज जातात. शिवाय रकान्याचा प्रकार टेक्स्ट असा निवडला नाही तर पुढची शून्यं उडतात. ती शून्यं शोभेची नाहीत. जिल्हा ०१, गाव १२ आणि जिल्हा ११, गाव ०२ ही दोन वेगळी ठिकाणं. शून्यं गेल्यावर कोड जोडले की दोन्हींचा ११२ होतो.

कोड संख्या म्हणून वाचण्यातही हाच धोका. स्टेटाच्या इन्फिक्समध्ये प्रकार सांगितला नाही तर संख्या फ्लोट म्हणून साठते, आणि १,६७,७७,२१६ च्या पुढचे सगळेच पूर्णांक फ्लोटमध्ये नेमके मावतात असं नाही. दहा अंकी घरक्रमांक गोल होतो, दोन घरांचा क्रमांक एकच होतो, मग घराची आणि माणसांची फाइल जोडताना एकाची माणसं दुसऱ्याच्या घरात जातात. कोड नेहमी मजकूर म्हणूनच वाचा.

दशांशचिन्ह फाइलमध्ये दिसलं नाही म्हणजे दशांश नाहीत, असंही नव्हे. सॅसमध्ये ८.२ असं रूप दिलं, की चिन्ह नसलेल्या संख्येला ते स्वतःच शंभरनं भागतं. ते माहीत नसेल तर माणूस पुन्हा एकदा भागतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६८व्या फेरीत (२०११-१२) गुणकही, म्हणजे एक नोंद किती जणांच्या वतीनं आहे ते सांगणारा आकडा (एमएलटी), असाच आहे. उपनमुन्याची आणि एकत्र नमुन्याची मोजणी, म्हणजे फाइलमधले एनएसएस आणि एनएससी हे रकाने, सारखी असेल तर एमएलटी भागिले १००, नसेल तर भागिले २००. हे विसरलात तर देशाची लोकसंख्या शंभरपटीहून जास्त निघेल.

ठरलेल्या जागांची ही पद्धत जुनाट झाली, आता शिकून काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांनी जुन्या फेऱ्यांशी आजची तुलना करायला बसावं. तो ठेवा बराचसा याच रूपात आहे.

फाइल वाचली की तीन गोष्टी ताडून पाहा. ओळींची संख्या सोबतच्या माहितीपत्रकाशी जुळते का? राज्यांच्या यादीत अनोळखी कोड आलाय का? प्रत्येक रकान्याची किमान आणि कमाल किंमत माणसाच्या जगण्याला धरून आहे का? आणि त्याही आधी, एकही आज्ञा लिहिण्यापूर्वी, पहिल्या पाच ओळी कागदावर उतरवा, लेआउट शेजारी ठेवा आणि पेन्सिलीनं रेघा मारा. दहा मिनिटं लागतात. त्या प्रत्येक ओळीसाठी कुणीतरी पाहणी कर्मचारी कुणाच्या तरी ओसरीवर तास-तास बसलेला असतो.