नाडी हरपणारा रोग

मनगटावर बोटे ठेवली की नाडी लागते, ही गोष्ट इतकी गृहीत धरलेली असते की ती लागणारच नाही अशी शंका सहसा कोणाच्या मनास शिवत नाही. परंतु एका रोगात रोगी हिंडताफिरता असतो, त्याचे हृदय आपले काम करीत असते, आणि तरीही एका मनगटावर, क्वचित दोन्ही मनगटांवर, नाडीचा ठोका सापडत नाही. वैद्यकात हा रोग ताकायासूचा रोहिणीदाह या नावाने ओळखला जातो.

मिकितो ताकायासू हे जपानातील कानाझावा येथील नेत्रवैद्य होते. एका २१ वर्षांच्या स्त्रीच्या नेत्रपटलावरील रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळून हारासारखे कडे झाले आहे, असे त्यांस आढळले. त्यांचे हे निरीक्षण १९०८ साली प्रसिद्ध झाले. ओनिशी व कागोशिमा या त्यांच्या समव्यवसायी डॉक्टरांनीही तसेच रोगी पाहिले होते; मात्र त्या रोग्यांच्या मनगटावर नाडी लागत नव्हती. डोळ्यातील कडे आणि मनगटाची हरपलेली नाडी यांचा परस्परांशी काय संबंध असावा? याचे उत्तर डोळ्यात नव्हते आणि हातातही नव्हते. ते छातीत, महारोहिणीत होते.

महारोहिणी ही शरीरातील सर्वांत मोठी शुद्ध रक्तवाहिनी. हृदयापासून निघून ती वर चढते, कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत पोटात उतरते. कमानीतून मस्तकाकडे व हातांकडे शाखा जातात. पोटात मूत्रपिंडांना व आतड्यांना शाखा देऊन अखेर ती दोन पायांसाठी दुभंगते. तिची भिंत तीन थरांची असून ती इतकी जाड असते की तिला स्वतःच्या पोषणासाठी निराळ्या सूक्ष्म वाहिन्या लागतात. या वाहिन्यांच्या वाटेने शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी भिंतीत शिरतात आणि जिचे रक्षण करावयाचे तिच्यावरच तुटून पडतात. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार आहे. दाहाने भिंत सुजते, पुढे तीत व्रणासारखे कठीण तंतू माजतात, आणि शाखांची मुखे आकसत जातात. काही ठिकाणी उलट भिंत दुबळी होऊन फुगते. हृदयालगतचा भाग फुगला तर तेथील झडप नीट मिटत नाही.

पेशींनी असे उलटावे याचे मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नाही. काही कुळांत उतरणारी विशिष्ट जनुकीय खूण जपान व भारत या दोन्ही देशांतील रोग्यांत अधिक आढळते. रोग विरळा आहे; तो बहुधा दहा ते चाळीस या वयात, आणि स्त्रियांस अधिक होतो. भारतातील रोग्यांत पोटातील महारोहिणी व मूत्रपिंडांच्या शाखा वारंवार सापडतात, आणि त्यामुळे कोवळ्या वयातच रक्तदाब चढलेला असतो.

आरंभीची लक्षणे फसवी असतात. बारीक ताप, थकवा, वजन घटणे, सांधे दुखणे. तरुण मुलीच्या बाबतीत ही अशक्तपणाची किंवा क्षयाची चिन्हे समजली जातात. पुढे वेणी घालताना किंवा दोरीवर कपडे वाळत घालताना हात भरून येतो, चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. खरा धोका याहून पुढचा आहे. ज्या हाताची वाहिनी आकसली त्या हातावर रक्तदाब मोजला तर तो कमी किंवा ठीक भरतो. पण त्याच वेळी हृदयावर व मेंदूवर चढलेल्या दाबाचा मारा चालूच असतो. मापन अचूक असूनही निष्कर्ष चुकतो.

आपल्याकडील नाडीपरीक्षेच्या परंपरेत पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा हात पाहण्याचा प्रघात आहे. आधुनिक दवाखान्यातही यंत्राचा पट्टा बहुधा एकाच दंडावर बांधला जातो. डाव्या हाताकडे जाणारी शाखा या रोगात विशेषेकरून सापडते, हे ध्यानी घेतले म्हणजे एका हातावर भागवणे किती अपुरे आहे हे दिसते. दोन्ही दंडांवरील दाबांत १० मिलिमीटरांहून अधिक फरक असणे हा अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने १९९० साली ठरविलेल्या निकषांपैकी एक होता. २०२२ सालच्या नव्या निकषांत ही मर्यादा २० आहे. दोन्ही हात दगा देत असतील तर पायावरील माप उपयोगी पडते. मानेवर किंवा पोटावर नळी ठेवून ऐकल्यास अरुंद वाटेतून जाणाऱ्या रक्ताची घरघर ऐकू येते. निदान पक्के होते ते वाहिन्यांच्या सी. टी. किंवा एम. आर. आय. चित्रांवरून. केवळ रक्ताच्या तपासणीवर विसंबता येत नाही, कारण ती निर्दोष असूनही भिंतीतील दाह धुमसत असू शकतो.

उपचारांत स्टेरॉइड औषधे मुख्य आहेत. त्यांची मात्रा उतरवताच रोग पुन्हा उसळतो असा अनुभव वारंवार येत असल्याने मेथोट्रेक्सेटसारखी औषधे जोडीस दिली जातात. टोसिलिझुमॅब या नव्या औषधास जपानात २०१७ साली या रोगासाठी मान्यता मिळाली. आकसलेली वाट फुग्याने रुंदावता येते किंवा शस्त्रक्रियेने नवी वाट जोडता येते. पण शक्यतो दाह शमल्यावरच. बरे वाटू लागताच रोग्याने आपल्या मनाने औषध सोडणे अत्यंत घातक होय.

योग्य उपचार वेळीच मिळाल्यास बहुतेक रोगी दीर्घकाळ जगतात. स्त्रियांस संसार व मातृत्वही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साधते. सारे अवलंबून असते ते रोग लवकर ओळखला जाण्यावर. घरातील तरुण मुलीचा थकवा महिनोन्महिने हटत नसेल, हात वर धरताच गळून येत असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे आणि रक्तदाब दोन्ही हातांवर मोजण्याची विनंती करावी. त्यास खर्च नाही, आणि वेळ लागतो तो पाचदहा मिनिटांचा.