हे कधीपासून? मनोविकारांच्या वर्गवारीची गोष्ट

ऐन रोवणीत गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव किंवा देवरीकडचा एखादा तरुण बांधीत उतरायचं बंद करतो. रात्र रात्र झोपत नाही, एकटाच बोलत बसतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, गाव म्हणतं डोक्यावर परिणाम झाला. मानसोपचारतज्ज्ञ मात्र आधी विचारतात, "हे कधीपासून?" सिकलसेल रक्ताच्या तपासणीत सापडतो, स्किझोफ्रेनियासाठी अशी तपासणी अजून नाही. लक्षणं आणि त्यांचा काळ, एवढ्यावरच निदान करावं लागतं.

वेगवेगळे आजार ओळखण्याची धडपड जुनीच. चरकसंहितेत उन्माद (वेड) आणि अपस्मार (मिरगी) यांना स्वतंत्र अध्याय आहेत. मिरगीला आजही वेड समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आधुनिक वर्गवारीचा पाया जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी 1899 मध्ये पक्का केला. रुग्ण आज कसा दिसतो यापेक्षा पुढच्या काही वर्षांत त्याचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं. ज्यांचा आजार उतरत्या वाटेनं जातो ते एका गटात. ज्यांना उन्माद आणि उदासी यांचे झटके येतात, पण मधे माणूस ठीक असतो, ते दुसऱ्या. आजचे स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर हे त्याच विभागणीचे वारस.

तरी डॉक्टरांचं एकमत नव्हतंच. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनपेक्षा फार सढळपणे होई. दोन्हीकडच्या रुग्णांना एकाच पद्धतीनं प्रश्न विचारले, तेव्हा फरक जवळपास विरला. घोळ डॉक्टरांच्या सवयींत होता. म्हणून 1980 च्या डीएसएम-3 या अमेरिकी निदान-पुस्तिकेत प्रत्येक आजाराचे निकष नेमके लिहिले गेले. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-11 ही यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. या याद्या माणसांनीच केलेल्या, म्हणून चुकतातही. अमेरिकी मानसोपचार संघटनेनं समलैंगिकतेला आजारांतून वगळलं ते 1973 मध्ये. तोवर कितीकांवर 'उपचार' झाले!

निदान चुकलं की काय होतं, ते बायपोलरमध्ये दिसतं. रुग्ण उदास असताना येतो. पूर्वी कधी आठवडाभर दोन-तीन तासांच्या झोपेवर ताजातवाना होता का, उधळपट्टी केली का, हे विचारलंच नाही तर नुसतं नैराश्याचं औषध सुरू होतं आणि त्यानं उन्माद उसळू शकतो.

दुसरं उदाहरण दारूचं. रोज मोहाची घेणारा माणूस पाय मोडून दवाखान्यात भरती होतो. दारू तुटते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो थरथरतो, घामाघूम होतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो, दिवस की रात्र ते कळत नाही. नातेवाईक मांत्रिक शोधू लागतात. हा दारू तुटल्याचा वातभ्रम. जिवावर बेतू शकतो आणि वेळीच उपचार केले तर बहुधा काही दिवसांत ओसरतो. इथे स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारणं म्हणजे अन्यायच.

आणि अंगात येणं? नवरात्रात घटापुढे कुणाच्या अंगात आलं, समाजाला ते मान्य आहे, नंतर ती बाई नेहमीसारखी कामाला लागली, तर आयसीडी-11 नुसार तो आजार नव्हे. ते नको असताना, पुन्हा पुन्हा होऊन संसार विस्कटू लागला, तर विचार वेगळा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हेच बजावतो: निव्वळ समाजाच्या रीतीभाती किंवा श्रद्धा मानत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

आपल्याकडचं चित्र आकड्यांत सांगणं अवघड आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या गोंदिया जिल्ह्याचे दोन्ही शेजारी, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ, होते, महाराष्ट्र नव्हता. त्या बारा राज्यांत प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार होता आणि बहुतेक जण उपचारांविनाच होते. गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण प्रादेशिक मनोरुग्णालय गाठायचं तर नागपूरच.

म्हणून घरच्यांना एक विनंती. दवाखान्यात जाण्याआधी कागदावर लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, झोप किती, दारू-गांजा कधीपासून, मधे बरं वाटलं होतं का, घराण्यात आधी कुणाला होतं का. निदानाचं निम्मं काम त्या कागदावर होतं. आणि जाणं लगेच जमत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.