अतिमानवी नायकांची दांपत्ये आणि प्रेमत्रिकोण

नायक-नायिकेची जोडी प्रेमत्रिकोणाने फोडणे कथेला कितपत पोषक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकन कॉमिक्सच्या संदर्भात केला आहे. १९३८ मध्ये अवतरलेल्या सुपरमॅनच्या कथेतील त्रिकोण मुळातच विलक्षण होता. वार्ताहर लोइस लेन सुपरमॅनवर भाळते आणि बुजऱ्या क्लार्क केंटला तुच्छ लेखते. वस्तुतः दोघे एकच. क्लार्कचा प्रतिस्पर्धी तो स्वतःच! १९९१ मध्ये त्याने तिला हे गुपित सांगितले व १९९६ मध्ये त्यांचा विवाह झाला.

परंतु अशा मालिकांना शेवट नसतो. त्यामुळे स्थिर संसार प्रकाशकांना अडचणीचा वाटतो. २०११ च्या पुनर्रचनेत हा विवाहच पुसला गेला आणि २०१२ मध्ये सुपरमॅनची जोडी वंडर वुमनशी जमवण्यात आली. दोघेही तुल्यबळ खरे. मात्र अतिमानवाकडे सामान्य माणसाच्या नजरेने पाहणारी लोइस त्याच्या जीवनातून दूर सारली गेली. ही हानी मोठी होती.

याउलट ग्रँट मॉरिसन यांच्या ‘न्यू एक्स-मेन’मध्ये (२००१-०४) विवाहित सायक्लॉप्स व एमा फ्रॉस्ट यांची जवळीक मनोव्यापाराच्या पातळीवरच घडते आणि पत्नी जीन ती परचित्तज्ञानाने ओळखते. मनातील व्यभिचार हा व्यभिचार होय काय, हा प्रश्न येथे पात्रांच्या शक्तींतूनच उद्भवतो. म्हणून दांपत्य दुभंगले तरी तो त्रिकोण उपरा वाटत नाही.

सुपरमॅन-लोइस यांचा विवाह २०१७ मध्ये कथेत पुनःस्थापित झाला, तोही जॉन या पुत्रासह.